शनिवारवाड्यासमोरच्यांना फुग्यात कसं बसवायचं?

जपानी मजकूर वरून खाली लिहिला जातो, म्हणून मांगातला, म्हणजे जपानी चित्रकथेतला, संवादाचा फुगा उभा आणि अरुंद असतो. तसाच फुगा काढून त्यात ‘शनिवारवाड्यासमोरच्यांना’ एवढा एकच शब्द टाकून बघा. ए५ पुस्तकात फुगा दोन सेंटिमीटर रुंद, त्यात कडेची मोकळी जागा सोडली की मजकुराला दीड सेंटिमीटर उरतं. शब्द एका ओळीत बसवायचा तर अक्षर ६ पॉइंटांपर्यंत खाली येतं आणि वाचणारा पुस्तक नाकाशी धरतो. तोडून दोन ओळींत टाकला तर ‘शनिवारवाड्यासमो-’ असं काहीतरी विचित्र लोंबतं. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटवत नेणाऱ्या आपल्या भाषेच्या मापाने हा फुगा शिवलेलाच नाही.

मांगा बघत वाढलेल्या आणि चित्रकथा काढून पोट भरायचं ठरवलेल्या पुण्यातल्या पोरापोरींचं गाडं बहुतेक वेळा इथंच अडतं. मोठे डोळे आणि टोकदार केस सहा महिन्यांच्या सरावात जमतात. काम देणारा माणूस त्यावर फार वेळ घालवत नाही. सोळा पानं सलग, वेळेवर आणि मराठीत सहज वाचता येतील अशी निघतील का, एवढंच तो बघतो.

चौकटींचा हिशेब आधी घेऊ. आपल्याकडच्या चित्रकथेचा साचा अमर चित्र कथेच्या पिढीने घडवला. पुण्याचे प्रताप मुळीक त्यातलं मोठं नाव, ‘नागराज’ या कॉमिक्सचे सुरुवातीचे अंकही त्यांच्याच हातचे. त्या साच्यात चौकटीच्या वर निवेदनाची पट्टी असते आणि ती दोन वाक्यांत काळ पुढे ढकलते, म्हणून ३२ पानांत एका माणसाचं आख्खं आयुष्य मावतं. मांगा ही पट्टी काढून टाकते आणि तिचं काम चौकटींवर सोपवते. समजा, वाड्यातली आजी जिना उतरून येते आणि तिला दारात भिजलेला नातू दिसतो. जुन्या पद्धतीत ही एक चौकट आणि वर ‘इतक्यात...’. मांगाच्या पद्धतीत लाकडी पायरीवरचं पाऊल, कठड्यावरचा हात, अंधारा बोळ, उंबऱ्याशी साचलेलं पाणी, मग नातू. पाच चौकटी, म्हणजे जवळजवळ पान गेलं. त्यामुळे सोळा पानांत एक दुपार, दोन माणसं आणि त्यांच्यात झालेला एक बदल यापलीकडे काही भरू नये. नवशिक्यांच्या संहितेत बहुधा तीन युद्धं आणि एक पुनर्जन्म असतो.

त्या पाच चौकटींतला नातू कुठे ठेवायचा, हेही आधी ठरवावं लागतं. मराठी पुस्तक डावीकडून उजवीकडे उलगडतं, विषम पान उजव्या हाताला येतं. म्हणून ‘साचलेलं पाणी’ विषम पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात आणि नातू पान उलटल्यावर सम पानाच्या पहिल्या चौकटीत. समोरासमोरच्या दोन पानांवर ठेवलात तर वाचकाची नजर आधीच उजवीकडे जाऊन येते आणि गंमत तिथेच संपते. जपानी पुस्तक उलट्या बाजूने उघडतं, त्यामुळे तिथली मांडणी जशीच्या तशी उतरवली की हे हटकून चुकतं. मराठीत उजवीकडून डावीकडे पानं लावायचा हट्ट काहीजण धरतात. चौकटी एका दिशेने आणि फुग्यातला मजकूर दुसऱ्या दिशेने, असं वाचताना डोळ्यांना दर ओळीला मागे यावं लागतं. हा हट्ट सोडावा.

चौकटींमधली फटही वाचनाची दिशा सांगते. शेजारच्या दोन चौकटींमध्ये फट लहान, वरच्या-खालच्या ओळींमध्ये मोठी. छापील ए५ पानावर साधारण २ आणि ५ मिलिमीटर ठीक बसतात. दोन्ही सारख्या ठेवल्या तर पुढे शेजारची चौकट वाचायची की खालची, इथे वाचक अडखळतो.

हे सगळं ठरतं ते ‘नेम’मध्ये. पानाचा कच्चा आराखडा, माणसं काड्यांची, पण फुगे आणि संवाद पक्के, त्याला जपानी संपादक नेम म्हणतात. शब्द त्यांचा असला तरी आपल्या कानाला शोभतो, कारण नेम चुकला की पुढचं सगळं चुकतं. १६ पानांचा नेम दोन-तीन दिवसांत होतो आणि तो दोन-तीनदा फेकून नव्याने करणं परवडतं. शाई झालेलं पान फेकणं परवडत नाही. नेममध्ये मजकूर हाताने, खऱ्या आकारात लिहायचा. ‘मजकूर नंतर बसवू’ म्हणणाऱ्याचा फुगा शेवटी पात्राच्या कपाळावर येतो.

आता फुगा. मराठी फुगा आडवा हवा: दोन ते चार ओळी, मधली लांब, वरची-खालची आखूड. एका फुग्यात १२-१४ शब्दांच्या वर जाऊ नये, आणि एका चौकटीत २५ च्या. छापील अक्षर १० पॉइंट असेल तर ओळींमधलं अंतर १३ ते १४ पॉइंट ठेवावं लागतं, कारण देवनागरीला वरही मजला आहे आणि तळघरही. वरच्या ओळीतल्या ‘सांगू’खाली ‘मैत्री’ आली की ऊकार आणि मात्रा एकमेकींना भिडतात. फुगा आडवा झाला की चौकटही आडवी होऊ पाहते, म्हणून उंच अरुंद चौकटी बिनसंवादाच्या ठेवायच्या आणि बोलणं रुंद चौकटींत न्यायचं. मांगाच्या पानाचं मराठीकरण म्हणतात ते खरं तर एवढंच. वाक्यही फुग्याच्या मापाने तोडावं लागतं. ‘शनिवारवाड्यासमोरच्यांना विचार’ याऐवजी ‘वाड्यासमोर बसतात ना, त्यांना विचार’. शब्द वाढले, पण प्रत्येक तुकडा ओळीत बसला, आणि बोलणंही पेठेतलं वाटायला लागलं.

अक्षरं संगणकावर बसवणार असाल तर चित्राच्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका. ‘राष्ट्र, क्षितिज, दर्‍या, तुझ्या, हृदय’ हे पाच शब्द टाइप करून बघा. वेलांटी अक्षराच्या उजवीकडे सरकली किंवा पाय मोडून दिसला तर मजकूर तिथे बसवायचाच नाही. इंकस्केपमध्ये जोडाक्षरं नीट येतात. इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमधला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ चालू करावा लागतो, नाहीतर तिथेही तोच गोंधळ. कलम हा हस्ताक्षराच्या वळणाचा फॉन्ट आणि मुक्त, बलू हे फॉन्ट मोफत मिळतात आणि छपाईला चालतात. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात की हिंदी, तेही तपासा. वाचक बोट ठेवून सांगणार नाही, पण त्याला खटकतं. शेवटचं मुद्रितशोधन झाल्यावरच अक्षरांची आउटलाइन करून, म्हणजे मजकुराचं चित्र करून, फाइल छापखान्यात द्यायची, कारण बऱ्याच ठिकाणी अजून जुन्या, बिगर-युनिकोड फॉन्टांवर काम चालतं आणि तिथे उघडल्यावर मजकुराचा चिवडा होतो. आउटलाइन केलेल्या फाइलमध्ये ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही, म्हणून आधीची प्रत जपून ठेवा. पुण्यात छापताय, वेलांटी चुकली तर पत्र येईल.

ध्वनिशब्दांत मात्र मराठी माणूस जपानी चित्रकाराच्या बरोबरीने खेळू शकतो. जपानीत आवाजाची नक्कल करणारे शब्द आहेत, तसे आवाजच नसलेल्या स्थितीचेही आहेत, आणि मांगात दोन्ही चित्राचा भाग म्हणून काढतात. आपल्याकडेही लुकलुक, चुळबुळ, भुरभुर, धाकधूक, सळसळ पडून आहेत. इंग्रजी ‘बूम’ आणि ‘क्रॅश’ देवनागरीत लिहिण्याची काही गरज नाही. एक बारकावा: ‘धाडकन’ हे दार कसं आपटलं ते सांगतं. आवाज असतो ‘धाड!’. चौकटीत ‘कन’ लावलं की चित्रात निवेदक शिरतो. टपटप, सळसळ, खडखड यांना ही अडचण नाही. ही अक्षरं फॉन्टने करू नयेत, हातानेच काढावीत. शिरोरेषा हे तुमच्या हातातलं हत्यार आहे: ‘धाड’ची शिरोरेषा मधोमध मोडा, ‘सळसळ’ची वाऱ्यावर लहरवा, ‘टप टप’ला ती देऊच नका, प्रत्येक अक्षर सुटं पडू द्या.

कागद, शाई, निब. जपानी व्यावसायिक बी४ कागदावर, म्हणजे २५७ × ३६४ मिलिमीटरवर काढतात. आतली चौकट १८० × २७० आणि छपाईत ते सुमारे पाच षष्ठांश होऊन बी५ पुस्तकात जातं. आपल्याकडे बी५ छापणं म्हणजे कागद वाया घालवणं. ए५ धरावं. ए५ म्हणजे १४८ × २१०, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना छाटली जाणारी जादा कड) धरून १५४ × २१६. पुष्कळजण याच्या १.४ पट काढायला जातात आणि ब्लीडसकट पान २१६ × ३०२ होऊन ए४ कागदाच्या बाहेर जातं. १.३ पट घ्या: ब्लीडची चौकट २०० × २८१, कटिंगची १९२ × २७३, आणि महत्त्वाचा मजकूर व चेहरे १६६ × २४७ च्या आत. ए४ वर आरामात बसतं, साध्या स्कॅनरवर एका दमात स्कॅन होतं आणि छपाईसाठी ७७ टक्क्यांवर आणायचं. १० पॉइंटचं अक्षर मूळ पानावर १३ पॉइंटचं.

कार्ट्रिज कागद दिसायला छान, पण त्याच्या खरखरीत जी-पेनची, म्हणजे शाईत बुडवून काढायच्या जपानी पेनची, निब अडकते आणि शाईचे बारीक शिंतोडे उडतात. गुळगुळीत आयव्हरी शीट किंवा ब्रिस्टल घ्यावा. अप्पा बळवंत चौक आणि टिळक रस्त्याच्या परिसरातल्या दुकानांत कागद मिळतो, जपानी निब नेहमी मिळेलच असं नाही, ती एकदम डझनाने मागवलेली बरी. नव्या निबेवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो. तो न काढता बुडवली तर शाई निबेवरून पाण्यासारखी ओघळते आणि पहिल्याच रेघेला डाग पडतो. साबणाच्या पाण्याने धुऊन पुसली की पुरे. वॉटरप्रूफ शाई निबेच्या चिरेत वाळून बसते, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी निब पाण्यात बुडवून पुसायची. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत, त्यात डोक्यावर पंखा, हे आणखी लवकर होतं. रेघ मध्येच फाटायला लागली की दोष हाताचा नसतो. पावसाळ्यात उलट. कागद हवेतली ओल पितो, रेघेला केस फुटतात आणि काळे भरलेले भाग तासाभराने हात लागला तरी पुसटतात. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पाण्याची टाकी आणि बाहेरची भिंत यांपासून लांब ठेवा.

टॅबलेटवर काढणाऱ्यांना हा जाच नाही, त्यांचा जाच टोनमध्ये आहे. मांगातली राखाडी छटा खरी राखाडी नसते, ते काळे ठिपके असतात. नेहमीचा टोन इंचाला ठिपक्यांच्या ६० ओळींचा. ठिपके टाकलेलं पान नंतर लहान-मोठं केलं की ठिपके आणि पिक्सेल यांचं गणित जुळत नाही आणि छटेवर चौकडीच्या लुंगीसारखी नक्षी उमटते, तिला मोआरे म्हणतात. उपाय एकच, टोन शेवटच्या मापात टाकायचा. रेघा हव्या तेवढ्या मोठ्या काढा, मग पान ए५ वर आणा (ब्लीडसह ६०० डीपीआयला ३६३८ × ५१०२ पिक्सेल), आणि त्यानंतर टोन. टोनचा थर वेगळा ठेवा. इंटरनेटवर टाकायची प्रत करताना ठिपक्यांऐवजी साधी राखाडी छटा करून मगच लहान करा, नाहीतर मोबाइलवर तीच लुंगी. मॅपलिथो या बिनचकाकीच्या कागदावर शाई पसरते, त्यामुळे ५० टक्क्यांच्या वरचा टोन काळ्याकडे झुकतो आणि ५ टक्क्यांचा कधीकधी उडून जातो. १० ते ४० टक्क्यांत काम भागवायला शिका.

त्वचेचा प्रश्न इथे येतोच. मांगात चेहरा कोरा सोडतात आणि नवा चित्रकार तेच पुण्याच्या गोष्टीत करतो, मग सगळी माणसं पिठात बुडवल्यासारखी. प्रत्येक चेहऱ्यावर टोन टाकला तर पान मळकट होतं आणि कामही दुप्पट. मधला मार्ग असा की मुख्य पात्रांपैकी एकाला १० टक्के, दुसऱ्याला कोरं, आणि तो भेद शेवटपर्यंत पाळायचा. केस पूर्ण काळे भरून वर फक्त एक पांढरी चमक.

पार्श्वभूमीसाठी तयार मिळणारी थ्रीडी मॉडेल्स जपानी शाळांची, रेल्वे फाटकांची आणि तारांच्या खांबांची असतात. ती वापरून सदाशिव पेठ उभी राहत नाही. स्वतःचा साठा करावा: वाड्याचा जिना, पीएमपीचा थांबा, अमृततुल्यचं दुकान, दुचाक्यांची रांग. दुचाक्या नसलेला पुण्याचा रस्ता काढलात तर तो कर्फ्यूचा दिवस वाटतो. फोटो ढगाळ सकाळी काढा, कडक उन्हात सावल्या बारकावे खाऊन टाकतात. रिक्षा नजरेने काढाल तर ती हमखास मोठी होते. खरी रिक्षा साधारण २.६ मीटर लांब, १.३ रुंद आणि १.७ उंच असते, म्हणजे उंच माणसाच्या डोळ्यांपाशी टप संपतो.

छपाईला फाइल देताना रेघा आणि मजकूर फक्त काळ्या शाईच्या प्लेटवर आहेत ना ते बघा. आरजीबीतलं काळं चार रंगांत विभागलं जातं आणि प्लेट केसभर सरकली तरी अक्षराला रंगीत कडा येते. जेपेग टाळा, एकरंगी टिफ द्या. ७० जीएसएम कागदावर पूर्ण काळी चौकट मागच्या पानावर दिसते. ९० ते १०० जीएसएम नॅचरल शेड मॅपलिथो घ्या. सेंटर पिनसाठी, म्हणजे मधोमध पिन मारलेल्या बांधणीसाठी, पानं चारच्या पटीत हवीत. पन्नास-शंभर प्रतींना डिजिटल, त्यापुढे ऑफसेटचा दर विचारायचा, आणि १००, ३००, ५०० असे तीन दर एकाच वेळी मागायचे. पहिल्याच पुस्तकाच्या हजार प्रती छापू नयेत, त्या पलंगाखाली जातात.

पैशांचं बोलू. जपानी साप्ताहिकातला चित्रकार आठवड्याला अठरा-एकोणीस पानं देतो ती सहायकांच्या बळावर. पार्श्वभूमी, टोन, काळं भरणं त्यांच्याकडे असतं. पुण्यात हे सगळं एकटा माणूस करतो, म्हणून तिथल्या पानाचा भरगच्चपणा इथे व्यवहारात बसत नाही. महिन्याला छपाईयोग्य १२ पानं होत असतील आणि घरखर्च ४०,००० असेल, तर पानाला ३,३३४ रुपयांच्या खाली घेतलेलं प्रत्येक काम तुम्ही खिशातून भरता. त्यात दुरुस्त्यांचा वेळ आणि बिल थकण्याचे महिने अजून धरलेच नाहीत. बिलातून टीडीएस कापला जातो, तो विवरणपत्र भरून परत मिळवायचा असतो, दर ठरवताना विसरायचा नसतो.

निव्वळ स्वतःच्या चित्रकथांवर घर चालवणं अवघड आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पैसा येतो जाहिरातपट आणि गेमसाठीच्या स्टोरीबोर्डमधून, मुलांच्या पुस्तकांतून, शिकवण्यांतून. ‘नेम’ करायची सवय असलेल्या माणसाला स्टोरीबोर्ड जड जात नाही. दिवाळी अंकांना नमुने मे-जूनमध्ये पाठवावेत, सप्टेंबरात संपादक मुखपृष्ठ आणि जाहिरातींत बुडालेले असतात. नमुन्यांत फॅनआर्ट, म्हणजे दुसऱ्याच्या पात्रांची चित्रं, नको. ८ पानांची एक पूर्ण कथा, एका पात्राची वेगवेगळ्या वयांतली तीन पानं, एक पान निव्वळ पार्श्वभूमीचं, आणि एका पानाचा नेम शेजारी ठेवून त्याचं पक्कं काम. हात काढणं टाळायला खिशात हात घातलेली पात्रं संपादक मोजतात.

करारावर सही करण्यापूर्वी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचा, दोन पानांचंच आहे. हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेले हक्क घेणाऱ्याने वर्षभर वापरले नाहीत तर, करारात वेगळं म्हटलं नसल्यास, ते संपतात. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी’ अशी ओळ दिसली तर तिथे पात्रांचे हक्क वेगळे काढून मागा. एकदाची चित्रं विकणं आणि पात्र विकणं यांत फरक आहे.

जपानकडे काम पाठवायचं तर दोन दारं जपानी भाषेशिवायही उघडतात. कोआमिक्सने २०१२ साली सुरू केलेल्या सायलेंट मांगा ऑडिशनमध्ये संवाद चालतच नाहीत, म्हणजे फुग्याची कटकटच गेली. हावभाव आणि चौकटींचा वेग यांवर गोष्ट तोलावी लागते. जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाचा आंतरराष्ट्रीय मांगा पुरस्कार २००७ पासून आहे. त्याला किमान २४ पानांचं आणि गेल्या तीन वर्षांतलं काम लागतं. प्रकाशित नसलं तरी चालतं. नियमावली दर वर्षी नव्याने बघून घ्या. २४ पानं म्हणजे ए५ मध्ये दीड फर्मा (एक फर्मा सोळा पानांचा), त्यामुळे स्पर्धेला पाठवलेलं तेच काम इथे छापून स्टॉलवर मांडायलाही छापखान्याची कुरकुर होत नाही.